कोकणात काय बघू, असं विचारणाऱ्याला काय सांगावं?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका पुण्यात राहतात. माहेर राजापूर तालुक्यात, सड्याखालच्या (जांभ्या दगडाच्या पठाराखालच्या) एका वाडीत. ‘तू कोकणातली ना, मग सांग काय बघायचं’ ही विचारणा ऑफिसात, सोसायटीत, सासरी सतत होते, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक यादी केली. ‘बघायलाच हवीत’ अशी बारा ठिकाणं आणि ‘फारशी कोणाला माहीत नसलेली’ दहा. यादी व्हॉट्सॲपवर फिरली आणि तक्रारी यायला लागल्या. एक कुटुंब हरिहरेश्वरला ऐन भरतीत पोचलं, तर प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली. एका सहकाऱ्याने कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर कोरलेली जुनी चित्रं, भर दुपारी बघितली आणि ‘नुसता दगड आहे’ असं येऊन सांगितलं. सगळ्यात लागलं ते चुलतभावाचं बोलणं: दिवाळीच्या सुट्टीत वाडीखालच्या छोट्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) गाड्या उतरल्या, बाटल्या पडल्या, ‘हे तुझ्या यादीमुळे’. आता जानेवारीत अकोल्याहून सासूसासरे, नणंद, तिचे यजमान आणि त्यांची दोन मुलं (वय ७ आणि १२) येणार आहेत, पाच दिवसांसाठी. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना काय दाखवावं, आणि यापुढे कोणी विचारलं तर गणपतीपुळे-मालवण एवढंच सांगून बाकीचं पोटात ठेवावं का, हा त्यांचा प्रश्न.

नमस्कार.

पत्रासोबत जोडलेली यादी वाचली. बावीसांतलं एकही ठिकाण वावगं नाही. वेळास आहे, हेदवी आहे, कशेळी आहे, देवाचे गोठणे आहे. कोकणात वाढलेल्या माणसाने केलेली यादी आहे हे लगेच कळतं. आणि तिची अडचणही तीच आहे. ओहोटी बघून कालवं काढायला जाणाऱ्या घरातल्या मुलीला ‘हरिहरेश्वरला ओहोटीच्या वेळी जा’ असं लिहायचं सुचत नाही, कारण ते कोणी मुद्दाम शिकवलेलंच नसतं. घाटावरच्या माणसाला समुद्र दिवसातून दोनदा मागे सरतो हे ऐकून माहीत असतं, पण गाडी किती वाजता काढायची हे ठरवताना ते आठवत नाही. तुमच्या यादीत जागा आहेत, घटका नाहीत. हरिहरेश्वरची आणि कातळशिल्पांची, दोन्ही तक्रारी इथूनच आल्या.

तेव्हा गप्प बसायचं की नाही हे नंतर बघू. आधी यादी दुरुस्त करू.

प्रत्येक नावापुढे भरती की ओहोटी ते लिहा. हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणा, अलिबागचा कुलाबा किल्ला चालत गाठणं, कुणकेश्वरला कातळात उघडी पडणारी शिवलिंगं, ही सगळी ओहोटीची कामं. हेदवीची बामणघळ नेमकी उलटी. ओहोटीला गेलात तर ती कातळातली एक अरुंद चीर असते आणि ‘एवढ्यासाठी आणलंस?’ असं ऐकावं लागतं. भरतीच्या लाटा त्या चिरेत कोंडल्या की पाणी उंच उसळतं, आणि बघायचं ते तेच. काठापासून दूर उभं राहून मात्र. तिथला कातळ शेवाळाने निसरडा असतो आणि दहा लाटा बेताच्या आल्या म्हणून अकरावी बेताचीच येईल असं नाही.

वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब तुमच्या वाडीत कोणालाही विचारलात तरी सांगतील: तिथीची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. तिच्यापुढे सव्वासहा तास मोजले की सकाळी सव्वानऊला पूर्ण ओहोटी. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, म्हणून ओहोटी दुपारी बाराच्या पुढे. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजायचं प्रतिपदेपासूनच. हा हिशोब अर्धापाऊण तास चुकू शकतो, आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईपेक्षा थोडी आधीच येते. सहलीच्या तारखा ठरवायला तो पुरतो. प्रत्यक्ष पाण्यात उतरायच्या दिवशी भरतीचं छापील वेळापत्रक नाहीतर होडीवाला.

यात बाहेरचा माणूस जिथे फसतो ती गोष्ट वेगळी आहे. सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. ते भरतीला फार चढत नाही आणि ओहोटीला फार उतरतही नाही. अष्टमीला दुपारी साडेबाराची ओहोटी बघून कुलाब्याला गेलेला माणूस किनाऱ्यावर उभा राहतो आणि वाटेवर अजून पाणीच असतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब जातं, पण तेव्हा पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे एकदा अंधार आणि एकदा अंधार पडत आलेला. मधला सोयीचा तुकडा द्वितीया ते चतुर्थी: उधाणाचा जोर अजून असतो आणि पूर्ण ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊमध्ये येते. यादीत एक ओळ घालायची असेल तर हीच घाला. त्यापुढे एवढंच, की पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि नंतरच्या तासाभरात परत फिरा. पाणी वळल्यावर पहिल्या तासात जेमतेम चढतं, म्हणून लोक निवांत राहतात. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यात वेगाने चढतं, आणि समोरून दिसायच्या आधी मागच्या खळग्यांतून भरत येतं.

आता कातळशिल्पं. तुमच्या सहकाऱ्याला ‘नुसता दगड’ दिसला यात त्याची चूक नाही. जांभ्याचा सडा मुळातच खरबरीत आणि काळपट. त्यात कोरलेली रेघ बोटभर, फार तर दोन बोटं खोल. सूर्य डोक्यावर असला की त्या रेघेत सावलीच पडत नाही, मग रेघ आणि दगडाचा खडबडीतपणा यांत फरक कळत नाही. तोच सडा सकाळी उन्हं तिरपी असताना, किंवा मावळतीच्या आधीच्या तास-दीड तासात बघा. रेघेची एक कड उजळते, दुसरी काळी पडते आणि हत्तीची सोंड, माशाचं शेपूट जमिनीतून वर आल्यासारखं सुटं दिसायला लागतं. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे, साधारण १८ मीटर लांब, की त्याच्या पायाशी उभं राहिलं तर तो हत्ती आहे हेच समजत नाही. आधी चारही बाजूंनी फिरून बाह्यरेषा धरायची, मग पोटातली लहान चित्रं शोधायची. ‘पंधरा मिनिटं द्या’ असं यादीत लिहा. दोन मिनिटांत फोटो काढून परतणाऱ्याला तो दिसत नाही.

लोक रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू भरतात, रांगोळी ओततात, चित्रावर बूट घालून उभं राहून फोटो काढतात. तेही लिहा, स्पष्ट शब्दांत. ही चित्रं काही हजार वर्षं उघड्यावर टिकली आहेत, पण जांभ्याची वरची साल सुटते आणि मोटारसायकलचं चाक एका फेरीत जे करतं ते पुसता येत नाही. युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत ही कातळशिल्पं २०२२ पासून आहेत. उक्षी गावातल्या कातळावरच्या हत्तीभोवती गावाने कठडा बांधला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला आणि लहान मुलं बरोबर असणाऱ्याला उक्षी सांगा, तिथे नकळत चित्रावर पाय पडायचा प्रश्न येत नाही. देवाचे गोठणे त्याला सांगा जो होकायंत्र घेऊन जाईल. तिथल्या कातळावर सुई भलतीकडे वळते आणि मुलांना चित्रापेक्षा त्याचंच अप्रूप वाटतं.

ऋतूंबद्दल थोडक्यात. मेच्या अखेरीपासून पावसाळा संपेपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, जंजिराही बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा जुलैत ‘ताजा पापलेट कुठे मिळेल’ विचारणाऱ्याला खाडीचे मासे आणि सुकट यांवर समाधान मानायला सांगा. वेळासला कासवाची पिल्लं बघायची तर साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. हापूस खायचा तर एप्रिल-मे, उकाडा सोसायच्या तयारीने. सिंधुदुर्गात दशावतार बघायचा तर जत्रांच्या हंगामात, कार्तिकी पौर्णिमेनंतर, आणि रात्रभर जागायची तयारी ठेवून. गणपतीत आणि शिमग्यात पाहुण्यांनी येऊ नये असं नाही, पण तेव्हा घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात आणि खोली देणाऱ्या घरालाही स्वतःची माणसं असतात.

आता तुमच्या दोन मथळ्यांकडे येऊ. ‘बघायलाच हवीत’ आणि ‘फारशी कोणाला माहीत नसलेली’. पत्रभर असं जाणवतं की पहिली यादी तुम्ही नाइलाजाने दिलीत आणि दुसरी मनापासून. प्रसिद्ध म्हणजे सामान्य, आणि अनोळखी म्हणजे अस्सल, हे बरोबर आहे का, एकदा तपासून बघा. तुमच्या सासूबाईंना गणपतीपुळ्याचं दर्शन घडलं नाही तर पुढची सगळी कातळशिल्पं बिनकामाची. आणि प्रसिद्ध ठिकाणं लोक जितकी बघतात त्यापेक्षा बघितली असं सांगतात जास्त. सिंधुदुर्ग घ्या. होडीवाले परतीची वेळ साधारण तासाभराची देतात. त्यात बहुतेक जण शिवराजेश्वराचं, म्हणजे किल्ल्यातल्या शिवाजी महाराजांच्या देवळात, दर्शन घेतात, सरबत पितात आणि परत जेट्टीवर. खाऱ्या समुद्राच्या मध्यावर गोडं पाणी असलेल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी बघितल्या तर बघितल्या. तटावरून फिरणं सुटतंच. समोर असूनही चटकन लक्षात न येणारा दरवाजा तेवढ्यासाठीच तसा वळवून बांधला आहे, हेही कोणी थांबून बघत नाही. सकाळच्या पहिल्या होडीने जा आणि दोन तासांनी परत न्यायचं होडीत बसण्याआधीच बोलून घ्या, एवढ्या एका सूचनेने या ‘सगळ्यांना माहीत असलेल्या’ किल्ल्याचा अर्धा भाग नव्याने दिसतो. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आपल्या किनाऱ्यावरचे आहेत. गर्दी वाढणार, आणि म्हणूनच पहिल्या होडीचं महत्त्वही.

दुसऱ्या मथळ्यातली गोम अशी, की फारशी कोणाला माहीत नसलेली जागा वाडीतल्या लोकांना पुरती माहीत असते. तुमच्या वाडीखालची पुळण म्हणजे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायची, होड्या ओढून ठेवायची, संध्याकाळी बायकांनी बसायची जागा. ती कोणी हरवून ठेवलेली नव्हती की कोणी शोधून काढावी.

चुलतभावाचं म्हणणं म्हणून खोटं नाही, पण सगळं तुमच्या माथी मारण्यासारखंही नाही. सागरी मार्गाचे रस्ते सुधारले, पूल झाले, प्रत्येकाच्या हातात नकाशा आला. कोणतीही पुळण आज ना उद्या कोणाच्या तरी व्हिडिओत येतेच. शिवाय सांगितल्याने गावं बिघडतातच असंही नाही. वेळासचं उदाहरण तुमच्याच यादीत आहे. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं, पुढे कासव महोत्सव उभा राहिला आणि आज पाहुणे गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात, पिल्लं सोडताना दोरीच्या अलीकडे उभे राहतात. वेळासचं नाव सांगितल्याने गावाचं भलं झालं, कारण सांगायच्या आधी पाहुणा कुठे राहणार, कुठे उभा राहणार, कोणाचं ऐकणार हे ठरलेलं होतं. (पिल्लं दिसतीलच याची हमी तिथेही नाही. घरटं कधी फुटेल ते कासवाच्या हातात, म्हणून एक मुक्काम करा आणि संध्याकाळ-सकाळ दोन्ही वेळा धरा, असं लिहा.)

तुमच्या वाडीत यातलं काय आहे? एखादं नाव यादीत घालण्याआधी चार गोष्टी विचारा. गाडी कुठे लागेल? बाईमाणसाला जायला शौचालय कुठे? अडचण आली तर हाक मारायला माणूस कोण? आणि पाण्यात कोणी ओढलं गेलं तर दोरी घेऊन धावणारं कोणी आहे का? चारांतल्या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर ती जागा फिरत्या यादीत घालू नका. ती तोंडी सांगायची जागा आहे: ओळखीच्या एका माणसाला, चौघांच्या गाडीला, चुलतभावाला आधी फोन करून. मिनीबसला नाही. लपवणं आणि जाहीर करणं यांच्या मधली ही वाट आपल्याकडे पूर्वापार आहेच. कुळीथ कोणाकडे चांगले मिळतात हे आपण असंच सांगतो, गावभर फलक लावत नाही.

नकाशावरची खूण तर पाठवूच नका. सड्यावरच्या जागांना नकाशा जवळची वाट म्हणून बैलगाडीची पाणंद दाखवतो, आणि तिथे दोन्हीकडे गडगे (दगडी बांध) असतात, गाडी वळत नाही. खाडीकाठी तो तुम्हाला अशा टोकाला आणून सोडतो की जायची जागा समोर दिसते, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ, आणि पूल पंधरावीस किलोमीटर मागे. खुणेऐवजी गाव, देऊळ आणि ‘देवळापाशी गाडी लावून विचारा’ एवढं पुरे. विचारावं लागलं म्हणजे गावाला कळतं कोण आलंय, आणि तेवढ्याने माणूस जरा नीट वागतो.

पुळणीवर गाडी उतरवणाऱ्यांसाठी यादीच्या डोक्यावरच एक ओळ हवी. कोरडी वाळू चाक धरते, ओली कडक वाटते पण तिच्याखाली पाणी असतं. गाडी थांबली की चाकं बसतात, जोर दिला की आणखी बसतात, आणि ती काढायला ट्रॅक्टर येईपर्यंत भरती आलेली असते. दर हंगामात कुठे ना कुठे हे होतं. कासवं अंडी घालतात तीही याच पुळणीवरच्या कोरड्या वाळूत. आणि पोहण्याबद्दल: गणपतीपुळे, आरे-वारे या ठिकाणी माणसं बुडतात ती खोल पाण्यात शिरून नव्हे, कमरेएवढ्या पाण्यातून आत ओढली जाऊन. लाटा फुटत असताना मध्येच एक गुळगुळीत, गडद, लाटा न फुटणारा पट्टा दिसतो. नवख्याला तोच शांत वाटतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच समुद्रात परत जात असतं. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्यातून बाहेर यावं आणि मग लाटांबरोबर किनाऱ्याकडे. मुलं बरोबर असतील तर गुडघ्याच्या वर पाणी नाही, हा साधा नियम.

आता अकोलेकर. पाच दिवस म्हणजे चार रात्री, आणि पहिला व शेवटचा दिवस गाडीत. पुण्याहून सकाळी सहाला निघून कराडवरून कुंभार्ली घाटाने किंवा कोल्हापूरकडून आंबा घाटाने गेलात तरी गणपतीपुळ्याला पोचेपर्यंत दुपार कलते. हातात राहतात तीन दिवस. तीन दिवसांत बावीस ठिकाणं म्हणजे सासूबाईंना पाच दिवस खिडकीतून माड दाखवणं. किनाऱ्याच्या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच धरा. नकाशा जेवढी मिनिटं सांगेल त्याची दीडपट. म्हणून मालवण काढून टाका. तो वेगळा प्रवास आहे, आणि नणंदेला वाईट वाटलं तर पुढच्या वर्षी. गणपतीपुळे ते कशेळी एवढाच पट्टा घ्या, दोन मुक्काम: दोन रात्री गणपतीपुळे-मालगुंड, दोन रात्री पावस-आडिवरे बाजूला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शन. त्या वेळी देऊळही रिकामं आणि पुळणही, सासूबाईंना रांगेत उभं राहायला नको. डोंगराची प्रदक्षिणा ज्यांना झेपेल त्यांनी करावी. संकष्टी टाळा, अंगारकी तर टाळाच. वर ओहोटीसाठी चतुर्थी चांगली म्हटलं, पण वद्य चतुर्थी म्हणजे पुळ्याला गर्दीचा कळस, तेव्हा तारीख ठरवताना दोन्ही बाजूंनी बघा. नंतर मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर, गाडीने पाच-दहा मिनिटांवर. पुढचं तिथीवर: पौर्णिमा-अमावास्या जवळ असेल तर भरती दुपारी, मग जयगडहून गाडीसकट फेरीबोटीने तवसाळला उतरा आणि हेदवी करा. दशभुज गणेश सासूबाईंसाठी, बामणघळ बाकीच्यांसाठी, आणि बोटीत गाडी चढते ही मुलांसाठी सगळ्यात मोठी गंमत. बोटीची शेवटची फेरी किती वाजता ते जातानाच विचारून घ्या. तिथी जुळत नसेल तर जयगडचा किल्ला बघून परत या.

तिसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. वरच्या वळणावर थांबून बघा, खाली पाण्यात नको. रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर (१९३१), थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं होतं आणि वाडा पुरा झाला १९१० मध्ये, त्यानंतर तो जेमतेम सहा वर्षं जगला; बारा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट आधी सांगून ठेवा, नाहीतर त्याला नुसत्या रिकाम्या खोल्या दिसतील. सोमवार टाळा. धाकट्यासाठी मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा. रत्नदुर्ग वगळा, चढ आहे. संध्याकाळपर्यंत पावस.

चौथा दिवस खरा तुमचा. सकाळी सासूसासरे पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमंदिरात निवांत बसतील, तोवर बाकीच्यांनी मुचकुंदीच्या मुखावरचा पूर्णगड चढून यावा. छोटा किल्ला आहे. दुपारी जेवून झोप, ही सूचना गंभीरपणे घ्या, जानेवारीतही किनाऱ्याचं ऊन दमवतं. चारला निघून कशेळीचा कनकादित्य (सूर्याचं देऊळ), तिथून सड्यावर हत्ती, उन्हं उतरताना. सड्यावर चढण नाही, पण जमीन खडबडीत. सासूबाईंना काठी आणि बंद चपला. परतताना आडिवऱ्याची महाकाली.

खाण्याची सोय आदल्या संध्याकाळी सांगायची, कारण घरगुती जेवण माणशी मोजून रांधतात. किती जण शाकाहारी, कोणाचा उपास, मोदक हवेत का, तिखट किती, सगळं एका फोनवर. खोली ठरवताना कमोड आहे का आणि खोलीपर्यंत किती पायऱ्या, हे दोन प्रश्न सासूबाईंसाठी. सुट्टे पैसे जवळ ठेवा, खाडीकाठी फोनवरून पैसे जातीलच असं नाही. २६ जानेवारीला लागून येणारा शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.

यापुढे कोणी विचारलं की यादी पाठवण्याआधी त्यालाच विचारा: कोणत्या महिन्यात, किती रात्री, किती माणसं आणि कोणत्या वयाची, गाडी किती मोठी, मासे खाता का. उत्तरं आली की त्यातून पाच नावं निघतील, वेळेसकट. उत्तरं द्यायचाही ज्याला कंटाळा, त्याला गणपतीपुळे-मालवण सांगून मोकळं व्हा, तिथे त्याचं छान होईल. जुनी यादी जिथे जिथे टाकली होती तिथे नवी टाका आणि जुनी काढा. पुढे गेलेली परत येणार नाही, ते सोडून द्या.

वाडीखालच्या पुळणीचं मात्र तुम्ही एकट्याने ठरवू नका. चुलतभावाशी फोनवर नको, गावी गेल्यावर समोर बसून बोला. वाहनं देवळापाशीच थांबवायची, पार्किंगचे आणि सफाईचे पैसे घ्यायचे, भरतीच्या वेळेचा फळा लावायचा, असं गावाला हवं असेल तर ते ग्रामसभेत ठरावाने होतं. मजकूर लिहून द्यायला, फळ्याचा खर्च उचलायला तुम्ही आहातच. गावाला मुळात पाहुणेच नको असतील तर तुमच्या नव्या यादीतून ते नाव जाईल. पाचव्या दिवशी सकाळी परतीच्या आधी सासरच्यांना तिथे न्यायचं मनात असेल तर चुलतभावाला आधी विचारा, गाडी देवळापाशी ठेवा, आणि त्याच्या घरी चहाला थांबायचा वेळ धरूनच निघा.